परात्यांचे चौकोन

आयुष्यात मी मनापासून जळले ती दोनच माणसांवर. पहिली माझी शाळेतली मैत्रीण, तिचे केस कंबरेच्याही खाली यायचे. दुसरे टाइम ऑफिसचे मधुकर पराते. मैत्रिणीचे केस पुढे गळले आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. परात्यांचं अजून मिटायला तयार नाही.

नागपूरजवळ कळमेश्वरच्या एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. पापड, अगरबत्ती, फरसाण, जे काही खोक्यात जातं त्याचं खोकं आमच्याकडे व्हायचं आणि त्या खोक्यावर काय छापायचं ते मी ठरवायची. चित्रकलेच्या कॉलेजात रीतसर शिकलेली त्या कारखान्यात मी एकटी. पराते बसायचे टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आलं, कोणत्या पाळीला आलं, किती जास्तीचं थांबलं, हे सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर. एम.कॉम. होते आणि ते ओळख झाल्याझाल्या सांगायचे. सक्करदऱ्याहून स्कूटरने यायचे, केसांना कलप, शर्टाच्या खिशात कंगवा. खुर्ची आणि कॉम्प्युटर त्यांनी असा मांडून घेतला होता की दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला स्क्रीन दिसलीच पाहिजे. लोक स्क्रीन झाकून काम करतात, हा माणूस दुकान मांडून बसायचा.

ते घड्याळ मी पहिल्यांदा पाहिलं ते रजेच्या भानगडीत. मी अर्धा दिवस काम केलेलं असताना हजेरीत पूर्ण दिवसाची गैरहजेरी लागली होती, म्हणून तणतणत टाइम ऑफिसात गेले.

"बसा म्याडम," पराते म्हणाले. "तुमचा अर्धा दिवस कुठी जात नाई. आधी हे पाहा."

स्क्रीनवर एक्सेलची शीट उघडी होती, पण तिच्यात एकही आकडा नव्हता. बारीक बारीक चौकोन, ओळीखाली ओळी. वरचे फिकट, मग हळदीचे, मग भाजलेल्या विटेच्या रंगाचे. एका जागी रंग थांबला होता आणि त्याच्या पुढे सगळं कोरं. मला वाटलं या माणसाने लुगड्याचा काठ काढलाय.

"हे काय आहे?"

"घड्याळ."

"काटे कुठे आहेत?"

"काटे कायले पाह्यजे? एक चौकोन म्हनजे एक मिनिट. मिनिट गेलं का चौकोन रंगते. हे कोरं दिसून राहिलं ना, हा तुमचा उरलेला दिवस."

ते घड्याळ आपोआप सरकत नव्हतं. एक्सेलला वेळ विचारावी लागते. एफ-नाइनची कळ दाबली की ते भानावर येतं आणि मधली सगळी मिनिटं एकदम रंगवून टाकतं. पराते म्हणाले, "आता तुमी दाबा." मी दाबली. मी तिथे उभी राहून भांडण्यात घालवलेली मिनिटं माझ्या डोळ्यांदेखत भरली.

मला ते फार सुंदर वाटलं आणि त्याच क्षणी मी जळले. एवढी वर्षं रंग हातात धरून मला हे का सुचलं नाही, याच्याशिवाय दुसरा विचार डोक्यात येईना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "रंग जरा भडक झालेत."

पराते खुर्चीत मागे रेलले. "भडकच पाह्यजे. नागपूरची दुपार हाय ते."

अर्ध्या दिवसाची दुरुस्ती करून घेतली आणि निघाले.

त्यानंतर त्यांना माझा छंदच लागला. कंपनीच्या बसमधून उतरून मी आर्टवर्कच्या खोलीकडे निघाले की दारातून हाक यायची, "म्याडम, फक्त पाहा, बोलू नका." मग नवीन काहीतरी दाखवायचे. कधी आठवड्याचं घड्याळ, त्यात रविवार सगळ्यात रुंद. कधी उन्हाळ्याचं, त्यात दुपारचे चौकोन इतके फुगवलेले की सकाळ आणि संध्याकाळ कडेला चेपून गेलेल्या. आणि आपण तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायचे, "लय भारी झालं ना?" आपल्या वाटची स्तुतीही तेच करून टाकायचे. माझ्यासारखीला तेवढीच सोय झाली, कारण माझ्या तोंडून ती निघाली नसती.

रंगांची नावं त्यांची त्यांनीच ठेवलेली. पहाटेचा रंग म्हणजे निरशा दुधाचा. दुपारनंतरचा हिरवा सांबारवडीच्या आतल्या कोथिंबिरीचा. रात्र म्हणजे सावजी रश्शाचा तवंग बाजूला केल्यावर खाली दिसतो तो काळपट लाल. मी एकदा त्यांना रंगांचं चक्र समजावायला गेले, कुठला रंग कुठल्याशेजारी शोभतो, कुठला मारतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हनजे म्या बरोबरच करून राहिलो." आग लागो त्या आत्मविश्वासाला, असं मी मनात म्हटलं. पण ते खरंच बरोबर करत होते, त्याला माझा नाइलाज होता.

त्यांना एकाच गोष्टीचा खरा संताप यायचा. अकाउंट्सच्या एका पोराने एकदा मथळा मोठा दिसावा म्हणून परात्यांच्या शीटमधले वरचे चौकोन एकत्र केले, मर्ज केले. पराते त्याच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. जेवणाच्या टेबलावर तो पोरगा लोणचं पुढे करायचा, हे दुसरीकडे पाहायचे. शेवटी मीच म्हटलं, "पराते भाऊ, एवढं काय त्यात?"

"म्याडम, दोन चौकोन एक केले का खालचं सारं हुकते," ते म्हणाले. "न् मिनिट असं कोनात मिसळवता येते का? पावनेनऊ न् नऊ एक करून दाखवा बरं."

एकदा पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाबरोबर त्यांची डिझायनर आली होती. सुती साडी, मोठी टिकली, फार गोड बोलणारी. कारखाना पाहता पाहता टाइम ऑफिसच्या दारात थबकली, कारण तिथे थबकण्याची व्यवस्थाच होती. परात्यांनी घड्याळ दाखवलं, बोलता बोलता घर मूळचं उमरेडचं आणि विणकरांचं हेही सांगितलं. ती बाई एकदम भारावली. म्हणाली, "तरीच. हे तुमच्या रक्तातच आहे. ताणा-बाणा दिसतोय यात."

खरं सांगते, माझ्याही मनात हेच होतं आणि मीही कधीतरी हेच म्हणणार होते. त्याचं रक्तात आहे म्हटलं की आपल्याला जरा मोकळं वाटतं. आपल्याला जमलं नाही याला मग आपण जबाबदार राहत नाही.

पराते हसले नाहीत. "रक्तात कायचं हाय, म्याडम? माय्या बापानं माग विकला न् ऑटो घेतला. मले सांगतलं, या खटखटीत बसू नको. म्या एक दिवस बसलो नाई. माग कसा चालते मले ठावं बी नाई. हे सारं या डोक्यातून निंघालं हाय." आणि कलप लावलेल्या डोक्यावर बोटाने टकटक केलं. बाईंचा चेहरा उतरला. माझा तर त्याहून जास्त, कारण माझी शेवटची पळवाटही त्यांनी बुजवून टाकली होती.

आता कॅलेंडरचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

खोक्यावर चित्रकाराचं नाव नसतं. पापडाचं खोकं कोणी केलं हे जगात कोणी विचारत नाही. पण आमचा कारखाना दरवर्षी गिऱ्हाइकांसाठी आणि कामगारांसाठी एक भिंतीवरचं कॅलेंडर छापायचा, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात "संकल्पना" असं लिहून पुढे माझं नाव असायचं. मोहरीएवढ्या अक्षरांत, पण माझं. वर्षभर मी त्या कोपऱ्यासाठी काम करायची म्हटलं तरी चालेल. कॅलेंडर छापून आलं की मी एक प्रत प्रतापनगरला घरी घेऊन यायची. सासूबाई ते उलगडायच्या, "छान आहे" म्हणायच्या आणि गुंडाळी करून कपाटावर ठेवायच्या. भिंतीवर त्यांचं तिथीवारांचं ठरलेलं. "तुझ्या कॅलेंडरात चतुर्थी कुठी असते वं?" असं एकदा त्यांनी विचारलं होतं. त्यांचं चुकत नव्हतं. पण एकदा तरी त्यांनी ते खिळ्याला अडकवावं, असं मला फार वाटायचं.

त्या वर्षी कारखाना पहिल्यांदा तीन पाळ्यांत चालू झाला होता, म्हणून आमच्या मालकांनी, सेठजींनी, विषय दिला, वेळ. आणि मीटिंगमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाले, "इस बार जिसको जो बनाना है, बनाओ. सबको मौका." परात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं.

मी बारा चित्रं केली, जलरंगात. पाण्यावर तरंगणारं घटिकापात्र, वाळूचं घड्याळ, अंगणातली काठी आणि तिची सावली, देवळातली घंटा. ती चित्रं चांगली होती. हे मी आजही कोणासमोरही म्हणेन.

परात्यांनी एक्सेलमध्ये दर महिन्याचा एक तक्ता केला. प्रत्येक तारखेची एक आडवी ओळ, ओळीत दिवसाच्या प्रत्येक तासाला एक चौकोन, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत बदलत जाणारे त्यांचे ते रंग. रात्रपाळीचे चौकोन मात्र रंगाऐवजी हॅशच्या चिन्हांनी, त्या उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीने, गच्च भरलेले. ती मुळात एक्सेलची अडचण होती. रात्रपाळीचा माणूस रात्री दहाला येतो आणि सकाळी सहाला जातो. जाण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केली की उत्तर उणे येतं. उणे वेळ एक्सेलला लिहिता येत नाही, मग ते चौकोनात नुसत्या जाळ्या भरून मोकळं होतं. हजेरीच्या शीटमध्ये हे पहिल्याच दिवशी दुरुस्त करावं लागतं, आणि परात्यांनी ते केलंही होतं. कॅलेंडरात मात्र जाळ्या तशाच ठेवल्या.

"पराते भाऊ, हे एरर आहे," मी त्यांना सांगितलं. "छापल्यावर लोक हसतील. सुधारून घ्या."

"येते ना मले सुधारता. पन सुधारलं का ते दुसऱ्या पाळीसारखंच दिसते. रात्रपाळी काय दुसऱ्या पाळीसारखी असते का, म्याडम?"

आमच्याकडे कॅलेंडर निवडायची एक पद्धत होती. नमुने कँटीनमध्ये हात धुवायच्या नळाशेजारी दोरीवर टांगायचे, आणि सेठजी कोपऱ्यात आपला डबा उघडून बसायचे. कोणाला काही विचारायचे नाहीत, नुसते पाहायचे. ज्याच्यासमोर माणसं हात पुसायचं विसरतात, ते कॅलेंडर छापायचं.

माझ्या चित्रांसमोर लोक थांबले. "मस्त हाय, म्याडम," म्हणाले आणि हात पुसत पुढे गेले. परात्यांच्या तक्त्यासमोर मात्र घोळका झाला. प्रत्येक जण ओल्या बोटाने आपली पाळी शोधायला लागला. आपण जेवतो तो चौकोन, आपली बस सुटते तो चौकोन. रात्रपाळीचे, पण कसल्याशा कामासाठी दुपारी कारखान्यात आलेले मेश्राम नावाचे ऑपरेटर होते, कधी कोणाशी फार न बोलणारे. त्यांनी त्या जाळ्यांवर बोट ठेवलं.

"हे आमी का, गा?"

"तुमीच," पराते म्हणाले.

मेश्रामांनी बोट जाळीवरून पुढे सरकवलं. "बरोबर हाय," म्हणाले. "असंच वाटते."

कोपऱ्यात सेठजींनी डब्याचं झाकण लावलं. मला पुढचं काही ऐकायची गरज नव्हती. मी माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि रडले. कशासाठी रडते आहे ते मला नीट माहीत होतं. माझी चित्रं बघून कोणी "हे आमी का" असं विचारलं नव्हतं.

आणि हाल कसे असतात पाहा. परात्यांनी ती शीट छापायला घेतली तर प्रिंटरमधून एका महिन्याचे कागदच कागद निघाले, कशावर दोन ओळी, कशावर नुसती कड. छपाईच्या मशीनला ते तसं देता येत नव्हतं. म्हणजे ते सगळं माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या हाताने नव्याने मांडायचं. सवतीचं पोर न्हाऊमाखू घालावं तसं मी ते केलं. पराते शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सूचना द्यायचे. "हा चौकोन जरा झुकून राहिला, म्याडम." तो झुकत नव्हता. मी मोजून दाखवला. मग म्हणायचे, "मंग मायी मान वाकडी असन." मी त्या तक्त्यांत चूक शोधत होते, तांदळातला खडा शोधावा तशी. एखादी सापडली असती तर मला रात्री झोप लागली असती. नाही सापडली.

शेवटी कोपऱ्यात मीच टाइप केलं, "संकल्पना : मधुकर पराते". तुमचंही नाव टाकू का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, पण विचारलं नाही ते नाहीच.

कॅलेंडर छापून आल्यावर परात्यांनी जो काही धुमाकूळ घातला, तो कळमेश्वरने बरेच दिवस लक्षात ठेवला असेल. पोहेवाल्याला दिलं, न्हाव्याला दिलं, पंक्चरवाल्याला दिलं. देताना आधी कोपरा दाखवायचे, मग कॅलेंडर. सक्करदऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत म्हणे एक घर सोडलं नाही. मोबाइलवर स्टेटस तर रोज. मला त्या कोपऱ्याचा फोटो तीनदा पाठवला, आणि तीनही वेळा खाली लिहिलं होतं, "लय भारी".

त्या वर्षी मी प्रत घरी आणली ती सवयीने. पिशवीतून काढलीही नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यात थेंब दिवसातून कितीतरी वेळा घालायचे होते, आणि घातले की नाही यावरून त्यांचा रोज गोंधळ व्हायचा. एका संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर, परात्यांचं कॅलेंडर. तिथीवारांचं त्यांनी बाहेरच्या खोलीत हलवलं होतं. बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं, पण रंग दिसत होते. सकाळचा पट्टा, दुपारचा पट्टा. थेंब घातले की त्या त्या चौकोनात पेनाने टिंब. रोज सकाळी चहा करताना मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची.

मग उन्हाळ्यात परात्यांना इंदूरला नोकरी लागली. तिथल्या एका कंपनीने त्यांचं काम पाहिलं होतं आणि त्यांना हेच करायला बोलावलं होतं, आकड्यांची चित्रं. हजेरी नाही, ओव्हरटाइम नाही, नुसते चौकोन. ही बातमी ऐकून मी त्यांचं अभिनंदन केलं तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

जायच्या आधी ते आमच्याकडे आले, पेढे घेऊन. सासूबाईंनी त्यांना बाहेरच्या खोलीत बसू दिलं नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसवलं. मी चहा ठेवत होते. परात्यांची नजर वर गेली आणि त्यांना कॅलेंडर दिसलं. आता हा माणूस उठणार, कोपऱ्यावर बोट ठेवणार, असं मी मनाशी म्हणते आहे तोवर सासूबाईच बोलल्या.

"पाहिलंत ना? हिनं केलंय. आमच्या सुनेनं."

मी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जे इतक्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

"दरवर्षी करते बिचारी," त्या सांगत होत्या. "मी कधी भिंतीला लावलं नाही. पण यंदाचं म्हणजे, काय सांगू तुम्हाला, मला दिसत नव्हतं ना, तर दिवस मला यानंच दाखवला. मी हिला बोलले नाही, पण सगळ्या बायकांना सांगते."

मी गॅस बारीक केला. पराते कॅलेंडराकडे पाहत होते, टिंबांनी भरलेल्या त्या चौकोनांकडे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो ना, काकू," ते म्हणाले. "यायच्याच हातचं हाय. ऑफिसात बी सारे हेच म्हनते."

जिन्यापर्यंत त्यांना सोडायला गेले तेव्हा मी विचारलं, "असं काहून बोललात?"

"म्याडम, म्या मायं नाव साऱ्या कळमेश्वरले सांगतलं. सक्करदऱ्यात सांगतलं. आता इंदूरले सांगन." त्यांनी खिशातून कंगवा काढून केसांवर फिरवला. "एक घर सुटलं तं काय बिघडते?" आणि ते जिना उतरून गेले.

मी आत आले. सासूबाईंना सरळ सांगितलं, "आई, ते मी केलेलं नाही. आत्ता गेले ना, त्यांनी केलंय."

त्यांनी कॅलेंडराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मग तो माणूस हो काहून म्हणाला?"

मी गॅलरीत गेले. खाली फाटकाशी पराते स्कूटर उभी करून आमच्या वॉचमनला मोबाइल दाखवत होते. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. वॉचमनने मान डोलावली तशी स्कूटरला किक मारली आणि निघून गेले. आपल्या नावावर एवढा जीव असलेला माणूस ते नाव माझ्या स्वयंपाकघरात सोडून गेला होता. त्यांच्या जागी मी असते तर सोडलं नसतं. त्या गॅलरीत मला हे पक्कं कळलं, आणि तेव्हा मी त्यांच्यावर जितकी जळले तितकी त्या चौकोनांवर कधीच जळले नव्हते.